मार्थाबाईंची चुन्याची बादली

मार्थाबाईंना मी शेवटची भेटले तेव्हा त्या खाटेवर कुशीवर पडून होत्या आणि जालन्याहून आलेली भाची त्यांना पेज भरवत होती. आखाडा बाळापूरच्या शाळेत आम्ही दोघींनी सतरा वर्षं शेजारशेजारचे वर्ग सांभाळले, त्यामुळे मला वाटलं शाळेचं काहीतरी विचारतील. त्यांनी चमचा हातानं बाजूला सारला आणि म्हणाल्या, "कमल, मागच्या दारी चुना विझवून ठेवलाय. भाचीला न्हाई जमणार ते." एवढंच. माझ्याकडं मागितलं काहीच नाही. मी "हं" म्हटलं आणि चहा न घेताच उठले. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी परिपाठ चालू असतानाच निरोप आला... बाई गेल्या. पोरं प्रतिज्ञा म्हणत होती. ती संपेपर्यंत मी हात पुढं करून तशीच उभी राहिले.

चुन्याचं सांगायचं तर ईस्टरचं सांगावं लागेल, आणि तो सण आमच्या भागात फारसा कोणाला ठाऊक नाही. नाताळ सगळ्यांना कळतो, केक असतो, दारावर चांदणी असते. ईस्टर येतो मार्च-एप्रिलच्या उन्हात, तोही चाळीस दिवसांचा उपासकाळ मागं लावून. त्या दिवसांत मार्थाबाई साखर सोडायच्या आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून बिनसाखरेचा चहा असा प्यायच्या की मलाच माझा गोड चहा नकोसा व्हायचा. मग उत्तम शुक्रवार, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून त्या नांदेडच्या चर्चला जाऊन यायच्या. आणि रविवारी, तो मेलेल्यांतून उठला म्हणून, उजाडायच्या आत आपल्या माणसांच्या कबरींपाशी जायचं, मेणबत्त्या लावायच्या. त्याआधी कबरींना चुना लागलेला हवा. गावाबाहेर नाल्यापलीकडं सात कबरी होत्या, त्यातली एक त्यांच्या मालकांची. चर्चचे पाळकसाहेब त्या दिवशी नांदेड सोडू शकत नसत. गावातलं दुसरं ख्रिस्ती घर पुण्याला निघून गेलं आणि चुना काय, प्रार्थना काय, सगळं एकट्या मार्थाबाईंवर आलं. ऊन सोसवत नाही म्हणून त्या दोन्ही कामं रविवारच्या पहाटेच उरकू लागल्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. "कमल, उद्या पहाटं येतीस का माझ्यासंगं?"

"मी कशाला? आमी बौद्ध माणसं. आमचा असल्यावर विश्वास न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

"विश्वास कोण मागून राहिलंय? आवाज पायजे नुसता. मी म्हणते, प्रभू उठला आहे. मग दुसऱ्यानं म्हणायचं असतं, खरोखर उठला आहे. एकटीनं कसं म्हणायचं गं? आपणच बोलायचं आन् आपणच व्हय म्हणायचं... येड्यावानी वाटतं."

 भीमजयंतीच्या जेवणाला हीच बाई आमच्या वस्तीत येऊन बायकांच्या बरोबरीनं मिरच्या निवडत बसायची, तिनं कधी विश्वासाचं कारण सांगितलं नव्हतं. गेले. नंतर दरवर्षी गेले. त्या चुन्यात चिमूटभर नीळ टाकायच्या, म्हणजे पांढरा उजळ दिसतो. मी कंदील धरायची, त्या कुंचा मारायच्या, कंबर धरली की आम्ही हत्यारं बदलायचो. सातही कबरी होईपर्यंत पूर्वेकडं फटफटायचं. मग त्या मेणबत्त्या लावून आपलं वाक्य म्हणायच्या, मी माझं म्हणायची, आणि आम्ही घरी येऊन अंघोळी करून झोपायचो. एकदा मी विचारलं, हा आनंदाचा सण ना, मग एवढी मरमर काहून? चुन्यानं भेगाळलेले हात पुसत त्या म्हणाल्या, "पयल्यांदा बायाच गेल्या होत्या त्याच्या कबरीपाशी. आनंद करायला न्हाई, मढ्याला सुगंधी तेल लावायला. तीन दिवस रडून दमल्या होत्या, तरी गेल्या. जाऊन बघतात तर धोंड सरकलेली, आत कोणीच न्हाई. करायला आल्या ते कामच उरलं न्हाई त्यांना." मला त्या सणाचं जे काही कळलं ते एवढंच, आणि ते मला आवडलं होतं.

मग माझा मुलगा मिलिंद गेला. वीस वर्षांचा होता. कळमनुरीच्या रस्त्यावर जीप उलटली. त्यानंतर तीन महिन्यांनी ईस्टर आला. शनिवारी संध्याकाळी मार्थाबाई दारात उभ्या राहिल्या. घरात न येता, हळू आवाजात म्हणाल्या, "कमल... येतीस का?"

मी म्हटलं, "तुमचा उठला आसंल. माझा न्हाई उठला. परत हे विचारायला माझ्या दारात येऊ नका."

 दाराच्या चौकटीवरचा हात काढून त्या आल्या पावली गेल्या. माझ्या रागात आणखी एक गोष्ट होती, ती मी त्यांना कधीच सांगितली नाही. त्यांना चुना लावायला कबर तरी होती. मिलिंदची राख आम्ही कयाधू नदीत सोडली, माझ्या हाताला काम लागेल अशी जागाच कुठं नव्हती. त्या बाईचा मला हेवा वाटत होता. पण हेवा वाटतो हे कबूल करण्यापेक्षा राग सोपा असतो, तो मी सहा वर्षं सांभाळला. आज त्याची लाज वाटते.

शाळेत आमचं बोलणं होतं. हजेरी, खिचडी, गळकं छप्पर, सगळ्यावर बोलायचो. ईस्टरवर नाही. दरवर्षी त्या पहाटे माझ्या घरावरून बादलीच्या कडीचा आवाज जायचा, मी अंथरुणात जागी असायची आणि उठायची नाही. उजाडल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर, ईस्टरला एकमेकांना देतात तसं, एक अंडं ठेवलेलं असायचं, पळसाच्या फुलांच्या पाण्यात उकडून पिवळं केलेलं. गावरान अंड्याला रंग चढत नाही, म्हणून त्या दुकानातलं पांढरं आणायच्या. मी ते सोलून खायची. खाल्लं, असं मात्र कधी सांगितलं नाही. आज वाटतं, एकदा तरी सांगायला हवं होतं. नाल्यापलीकडं त्या आपल्या वाक्याचं काय करत होत्या, एकट्याच दोन्ही वाक्यं म्हणत होत्या की पहिलं म्हणून थांबत होत्या, हेही विचारायला हवं होतं.

यंदा ईस्टर त्या गेल्यावर पाच आठवड्यांनी आला. मी मागच्या दारची बादली घेतली, नीळ टाकली आणि गेले. कंदील धरायला कोणी नव्हतं, तो दगडावर ठेवला. गुडघे दुखत होते. सातही कबरींना चुना दिला, त्यांच्या मालकांच्या कबरीला दोन हात. शेजारी मार्थाबाईंची होती. अजून मातीचा नुसता ढिगारा, त्यावर भाचीनं लावून दिलेला लाकडी क्रूस. कुंचा घेऊन मी तिच्यापाशी वाकले आणि तशीच थांबले... सुट्ट्या मातीवर चुना बसत नाही. एवढ्या लांब आले ती जिच्यासाठी, तिच्यापाशी मला कामच उरलं नव्हतं.

मेणबत्ती लावली. पहिलं वाक्य त्यांचं होतं, ते मी कधी म्हटलेलं नाही, त्या दिवशीही म्हणवलं नाही. विश्वास आजही नाही. पण सहा वर्षं त्या बाईला माझं उत्तर देणं राहिलं होतं. मी मातीकडं बघून, शाळेत म्हणतो तशा मोठ्या आवाजात म्हटलं, "खरोखर उठला आहे." मग तिथंच बसून मिलिंदसाठी रडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बसायला एक जागा मिळाली म्हणून.

माती बसायला एक पावसाळा जावा लागतो म्हणतात. बादली आता माझ्या मोरीत आहे. तळाशी थोडा चुना उरलाय, तो वाळू नये म्हणून मी दर आठवड्याला त्यावर तांब्याभर पाणी घालते.