बिजलीचे ठोके

तबेल्यातले किस्से लिदीसारखे असतात. सकाळी कितीही उपसा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! माहेरून फोन आला की आई विचारते, "काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही." आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसते. म्हणून म्हटलं, थोडे लिहून तरी काढावेत.

आमचा तबेला हर्सूलच्या पुढं. घोडी एकच नावाजलेली, बिजली. सासरे तिला आजवर डोळ्यांच्या अंदाजानं तयार करत आले. आमचे हे मात्र पुण्याहून घोड्यांच्या फिटनेसचा कोर्स करून आलेले. येताना ठोके मोजायचा पट्टा, स्टॉपवॉच आणि एक जाडजूड फाईल घेऊन आले.

मामंजींनी अट घातली, "दिवाळीनंतरच्या शर्यतीत बिजली पहिल्या तिनात आली, तर तुझं शास्त्र ऱ्हाईल. नाय आली, तर ही सगळी खेळणी माळ्यावर, आन् तू माझ्या हाताखाली!"

हे तयार झाले. आमचं लग्न नेमकं त्या मधल्या काळात लागलं.

*

मला बघायला आले तेव्हा सगळे विचारत होते, स्वयंपाक येतो का, शिक्षण किती. यांनी एकच प्रश्न विचारला.

"बसल्या जागी तुमचे ठोके किती पडतात?"

मी खाली मान घातली. आमच्या घरच्यांना वाटलं, मुलगा लई रसिक आहे!

*

बिजलीचं वजन दर सोमवारी व्हायचं. एवढा मोठा काटा घरी कुठला? म्हणून तिला ट्रकच्या वजनकाट्यावर न्यायचं. काटेवाला पावती द्यायचा, 'माल : घोडी'.

एका सोमवारी वजन एकदम सत्तर किलो वाढलं! यांचा चेहरा पडला. तिथल्या तिथं खुराक निम्मा. घोडी तीन दिवस आमच्याकडं असं बघायची की मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी रशीदचाचा जरा खाकरले. चाचा म्हणजे आमचे जुने उस्ताद, बिजलीला पहिला लगाम त्यांनीच घातलेला.

"मियाँ, एक बात बोलूँ? उस रोज वो बिदक रही थी. तो मैं भी काटे पे चढ़ गया था, लगाम पकड़ के."

"चाचा! मग तेव्हाच सांगायचं ना!"

"मेरे कू लगा, मेरा भी नाप रहे!"

*

दुपारच्याला आलेल्या पाहुण्यांना मी फ्रिजमधलं सरबत दिलं. सोयगावचे मावसकाका दोन ग्लास प्यायले. "छान आहे, जरा खारट." हे घरी आले, फ्रिज उघडला आणि ओरडले, "बिजलीचं क्षारांचं पाणी कुठं गेलं?"

मी घाबरले. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला.

"सूनबाई, कालपासून गुडघे लई हलके झालेत. त्या सरबतात काय काय घालता?"

*

घोड्याचे ठोके उभ्या उभ्या छत्तीस-चाळीसच असतात, हे मला लग्नानंतर कळलं. एका सकाळी बिजलीला पट्टा बांधला, तर यांच्या मोबाईलवर आकडा आला अठ्ठ्याहत्तर! बिजली शांतपणे गवत खातेय, आणि यांना घाम. डॉक्टरांना बोलावणं गेलं.

मामंजी बाहेर आले. "काय झालं? घोडीला काय करायलास तू?"

"बाबा, शंभर झाले!"

"मी म्हणतो काय केलंस तिला!"

"एकशे वीस! बाबा, एकशे वीस!"

डॉक्टरांनी बिजलीच्या छातीला नळी लावली. छत्तीस. मग त्यांची नजर मामंजींच्या मनगटाकडं गेली. वाढदिवसाला आम्हीच दिलेलं, ठोके मोजणारं घड्याळ. मोबाईल त्यालाच जोडला गेलेला!

चाचा म्हणाले, "तो फिर इस बार अब्बा कू दौड़ाओ!"

*

आता शर्यतीचं.

आमच्या माळावर बाराशे मीटरला लाल झेंडा होता. तिथं स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं काम माझं. फाईलप्रमाणं बिजलीला गोड पूर्ण बंद. पण ती झेंड्यापाशी येऊन थांबायची आणि माझ्या पदराकडं बघायची. हे मोटारसायकलवरून येईपर्यंत गुळाचा खडा तिच्या पोटात. वर बसलेल्या आमच्या स्वाराला, सलीमलाही एक खडा, तोंड बंद राहावं म्हणून.

शर्यत चौदाशेची. शेवट एका बाभळीपाशी, आणि त्याच्या दोनशे मीटर अलीकडं खुणेसाठी लावलेला झेंडा. लाल!

मी सासूबाईंबरोबर बाभळीखाली उभी होते. बिजली सगळ्यांच्या पुढं आली. हे आणि मामंजी पार सुरुवातीच्या टोकाला, मोबाईलमध्ये डोकं घालून.

झेंडा आला. बिजली थांबली. सलीम तिच्या मानेवर आला. ती मात्र शांतपणे इकडं तिकडं बघतेय, ही बाई गेली कुठं?

एक घोडा पुढं गेला. दुसरा गेला. तिसरा आणि चौथाही गेला.

लग्न झाल्यापासून माझा आवाज त्या घरात कुणी नीट ऐकला नव्हता. मी पदर खोचला.

"बिजलेऽऽ! इकडं ये! गूळ इथं हाय!"

तिचे कान वळले. मग जी सुटली! बाभळीपाशी पोचली तेव्हा दोघांना मागं टाकून तिसरी. ढोल-ताशांच्या दणक्यात माझं ओरडणं कुणाला कळलं नाही. सासूबाईंनी तेवढं वळून पाहिलं.

"अगं बया! तुला बोलता येतं म्हणायचं!"

घरी आल्यावर यांनी मामंजींसमोर आलेख धरला. ठोके चढत गेलेले, मध्येच एक खड्डा, मग पुन्हा उंच उडी.

"बाबा, हे बघा. इथं बिजलीनं स्वतःहून दम घेतला. राखलेली ताकद शेवटी काढली. हेच ते शास्त्र!"

मामंजींनी चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं.

"व्हय की. घोडीला समजायलंय." मग सुस्कारा सोडून म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझी खेळणी."

मी पदराला चिकटलेला गूळ झटकला.

दुसऱ्या दिवशी माळावर निघाले, तर सासूबाई मागून आल्या. पदराआडून गुळाची अख्खी ढेप काढून माझ्या हातात ठेवली.

"आजपासून झेंड्याच्या दोनशे पावलं पुढं उभी ऱ्हा."