मुखवट्याची मागची बाजू

“लग्नातला अंतरपाट घटकाभरात बाजूला होतो, आमच्या मोतीरामचा काही या जन्मात सरायचा नाही,” असे गावातले शेजारी म्हणत आणि एकमेकांना टाळ्या देत. मोतीरामही हसे. त्याला राग असा कधी आलाच नाही.

नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात चैत्रात बोहाडा होई. देवादैत्यांचे मुखवटे चढवून माणसे संबळ-पिपाणीच्या तालावर सोंगे नाचवीत. त्यांतले देवीचे सोंग मोतीरामच्या घराकडे होते. वडिलांनंतर ते त्याच्याकडे आले आणि पुढे त्याच्याकडेच राहिले. गावाचा रिवाज असा, की देवी ज्याच्या डोक्यावर चढते त्याने तिचा चेहरा पाहायचा नाही. देवळाच्या खोलीत मुखवटा कापडात गुंडाळून ठेवलेला असे. नाचणारा डोळे मिटून पाटावर बसे आणि कोणी वडीलधारा मागे उभा राहून मुखवटा त्याच्या डोक्यावरून खाली उतरवी. “चेहरा पाहिला की माणूस तो मिरवायला लागतो. मग देवी नाचत नाही, माणूस नाचतो,” असे म्हातारी माणसे सांगत. आपली पाळी दुसऱ्याने उचलली, की मग त्याच्या डोक्यावर तिला खुशाल पाहावे.

मोतीरामची पाळी कोणी उचललीच नाही. मुलगा किशोर शिकून बँकेत लागला, भावकीतली पोरे सातपूरच्या कंपन्यांत गेली. बोहाडा आधी एक वर्षाआड झाला, मग थांबला. देवळाची खोली गळू लागली तेव्हा गावाने सगळे मुखवटे नाशिकच्या एका संग्रहालयाला देऊन टाकले. मोतीराम तोवर किशोरकडे गंगापूर रोडला राहायला आला होता. कालव्याच्या कडेला खंडाने घेतलेल्या तुकड्यात तो शेवंती लावी, पहाटे फुले खुडी आणि दुपारी गॅलरीत बसून झोपेत नसतानाही झोपल्यासारखा दिसे.

“नाना, रविवारी संग्रहालयात जाऊ,” किशोर एकदा जेवताना म्हणाला. “अपूर्वाला तलवारी बघायच्यात.”

“आणि नानांची देवीपण आहे की तिथं,” सून मनीषा वाढता वाढता बोलली.

“मग बघा आता एकदाची,” किशोर म्हणाला. “बोहाडाच राहिला नाही, तर बंदी कसली?”

“भाकर वाढ,” मोतीराम म्हणाला.

पण त्या दिवसापासून त्याला दुसरे काही सुचेना. देवीला पाहिले, तर आपली पाळी संपली आणि आपल्यामागे कोणी नाही, हे आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखे. न पाहावे, तर तिला न ओळखताच डोळे मिटायचे. रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी धुतलेली टोपी घालून तो दाराशी उभा होता.

संग्रहालय थंड होते. बाहेरच्या उन्हातून आत शिरताना विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखे वाटले. पहिल्या दालनात दिवेच दिवे होते: समया, लामणदिवे, मोराचे दिवे, एकातही वात नव्हती, तरी पितळेवर कुठून तरी उजेड तरंगत होता. पुढे पोपटाच्या आकाराचे अडकित्ते, दार नसलेली कुलपे, बाळ नसलेला पाळणा. एका भिंतीवर घड्याळे टांगली होती, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. मोतीराम त्यांच्याखाली उभा राहिला तेव्हा त्याला वाटले, यांतल्या एखाद्यात अजून चैत्र असेल.

नात अपूर्वा बापाचा हात ओढत तलवारींकडे पळाली. मनीषा जुन्या पैठण्यांपाशी रेंगाळली. मोतीराम एकटाच चालत राहिला. एका अरुंद दारातून तो आत गेला आणि थबकला.

दालनाच्या मध्यभागी, चारही बाजूंनी काच असलेल्या उभ्या कपाटात, त्याच्याकडे पाठ करून देवी होती.

ती ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. पांगाऱ्याच्या लाकडाची ती पोकळी, घामाने काळवंडलेली. कपाळाशी लावलेली लुगड्याची घडी. ती त्याच्या बायकोने, नवसाबाईने, आपल्या हाताने शिवली होती. आत डाव्या गालाला टोचणारा तो लाकडाचा कंगोरा अजून तसाच होता. मोतीरामने कपाळ काचेला टेकवले. देवीच्या डोळ्यांच्या दोन भोकांतून पलीकडचे दालन दिसू लागले: इवलेसे, गोल, दूरचे. माणसे त्या गोलांत येत होती आणि विरून जात होती. कुठल्याशा पावलांचा ताल संबळासारखा वाजू लागला. टेंभ्यांचा धूर डोळ्यांत गेल्यासारखे वाटले. त्याला पंख्याचा आवाज ऐकू येईना, आपले वय आठवेना. जगाकडे पाहायची त्याची खरी जागा हीच होती, आणि ती कोणीतरी इतकी जपून ठेवली होती.

“अहो नाना, मागून काय बघताय? पुढून या पुढून!” पलीकडच्या दारातून किशोरचा आवाज आला. “अपूर्वाला पाणी पाजून आलोच.”

मोतीराम काचेला वळसा घालून निघाला, मान खाली घालून. पुढच्या बाजूला येऊन तो उभा राहिला. त्याला लाकडी चौथरा दिसला, स्वतःच्या चपला दिसल्या. वर पाहायला मान उचलेना. आपण असेच निघून गेलो तर कोणाला कळणारही नाही, असे त्याच्या मनात आले. त्याने पाऊल उचललेही.

“अगंबाई! केवढा अंधार आहे हो आत.”

आवाज मुखवट्यातून आला. मनीषा त्याला शोधत मागच्या दाराने आली होती आणि वाकून पोकळीत डोकावत होती. “नाना, एवढ्याशा भोकांतून तुम्हाला वाट तरी कशी दिसायची?”

मोतीरामने वर पाहिले.

देवीच्या चेहऱ्यात दोन जिवंत डोळे होते. ते हलत होते, त्याला शोधत होते. सापडल्यावर ते हसले. त्याच्या घरातली बाई देवीच्या मागे उभी होती. पाळी कोणीतरी उचलली होती. मोतीरामचे हात आपोआप जुळले, आणि मग त्याने तिला पोटभर पाहिले.

“दिसायची गं,” तो म्हणाला. “सराव असला की दिसते.”

मनीषा सरळ झाली. डोळे गेले आणि भोके उरली. आता समोर नुसता मुखवटा होता: जत्रेतल्या बाहुलीसारखे लालभडक ओठ, जरा मोठेच नाक, एका गालाचा उडालेला रंग. ज्या चेहऱ्यापुढे सारे गाव लवत असे तो हाच. मोतीराम बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मनीषा वळसा घालून त्याच्याजवळ आली. नुसती शेजारी उभी राहिली.

घरी पोचतात न पोचतात तोच गावाहून सहादूचा फोन आला. सहादू त्याचा जुना शेजारी. पूर्वी तोच संबळ वाजवायचा. किशोरने फोन मोठ्या आवाजावर लावून बापापुढे धरला.

“काय रे मोतीराम, पाह्यली का नाय देवी? सारा गाव इचारून ऱ्हायलाय. कशी हाय?”

“पाह्यली,” मोतीराम म्हणाला. “आतूनच बरी व्हती.”