काम लांबलंय असं सांगून पाहिलेला मासा

पाण्याखाली गेल्यावर मला सगळ्यात आधी अण्णांच्या गादीचा आवाज ऐकू आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. पक्षाघातानंतर ते हवेच्या गादीवर पडून असत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एक छोटा पंप त्या गादीत आळीपाळीने हवा भरायचा आणि सोडायचा. आमच्या घरात तो आवाज सतत असायचा. आणि फिलिपाइन्सच्या समुद्रात, तोंडात हवेची नळी धरून खाली उतरलो, तर माझाच श्वास तसा वाजत होता. श्वास आत घेतला की अंग अलगद वर जायचं, सोडला की खाली. वजन म्हणून काही उरलंच नव्हतं.

मग एका बाजूचं पाणी काळवंडलं. वरून होडी जात असेल असं वाटलं. पण त्या काळोखावर पांढरे ठिपके होते, भिंतीला चुना देताना खाली फरशीवर शिंतोडे पडावेत तसे. ठिपके सरकत गेले, सरकतच राहिले, संपेचनात. व्हेल शार्क. जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि खातो काय, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव. आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारात एखाद्या दुकानाचं शटर अर्धं वर करून ठेवावं तसं त्याचं तोंड उघडं होतं. एवढ्या देहाला डोळा मात्र अगदी लहान. त्या डोळ्याला मी दिसलो असेन, पण त्यानं माझी दखल घेतली नाही. मला तेच फार आवडलं. मी कुणाचा मुलगा नव्हतो, कुणाचा नवरा नव्हतो. मी त्याच्या शेजारून पोहत होतो, बस.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथं औषधाच्या गोळ्या पाकिटबंद करणारी यंत्रं बनतात. परदेशात यंत्र विकलं गेलं की ते बसवून, चालू करून द्यायला मला पाठवतात. पहिल्यांदा फिलिपाइन्सला गेलो तेव्हा पोहण्याच्या हौसेपोटी तिथला बुडी मारण्याचा वर्ग केला आणि मासा भेटला. त्यानंतर मोझांबिकला गेलो, मेक्सिकोला गेलो. काम संपलं की घरी फोन करायचा, "काम लांबलंय." बायको म्हणायची, "बरं. जेवण वेळेवर करा." एवढंच. ती कधी चिडली असती, तर बहुतेक मी थांबलो असतो. निदान तशी मी स्वतःची समजूत घालतो.

मोझांबिकला पाणी हिरवट, गढूळ होतं आणि मासा त्यातून एखाद्या विचारासारखा आला आणि गेला. मेक्सिकोला खाली निळ्याशार पाण्यात मी इतका निश्चल तरंगलो की आपण जागे आहोत की नाही तेच कळेना. त्याची शेपटी एकदा इकडे, मग फार वेळानं तिकडे. मी त्याच्या सावलीत होतो. त्याच घटकेला आमच्या घरी माझी बायको एकटीनं अण्णांची कूस बदलत असेल, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी वर आलो नाही.

हे मी फक्त अण्णांना सांगत असे. त्यांची वाचा गेली होती, एकच शब्द उरला होता. व्हय. पाणी हवं का, व्हय. दुखतंय का, व्हय. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसायचो. "अण्णा, या वेळी पण दोन दिवस मासा बघून येऊ का?"

"व्हय."

आणि मी हलक्या मनानं बॅग भरायचो.

माझा रबरी पोशाख आणि पाण्यातला चष्मा मी कारखान्यातल्या कपाटात ठेवत असे. मेक्सिकोहून परतलो तेव्हा कारखान्याला सुट्टी होती. सगळं तसंच ओलं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं घरी आणावं लागलं. ही खारी वस्तू गोड्या पाण्यात धुतली नाही तर रबर सडतं, भयंकर वास येतो. त्या दिवशी आमच्या भागात नळ होता. आठवड्याचं पाणी भरायचं होतं. बायको गच्चीवरच्या टाकीपाशी होती, खाली ड्रमला नळी लावायचं काम माझ्याकडे. मी नळी उचलली आणि न्हाणीघरातल्या टबात सोडली. एक टब काळसर, खारट झाला. ओतला, दुसरा भरला. तेवढ्यात नळाची धार बारीक झाली आणि बंद पडली.

"ड्रम अर्धाच कसा?" ती जिन्यावरून ओरडत खाली आली. "अहो, पाणी गेलं कुठं?"

न्हाणीघराच्या दारात ती थबकली. दांडीवर तो काळा पोशाख हातपाय सोडून लोंबत होता.

"अगं बाई! हे कुणाचं कातडं?"

"माझं," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं. तिथंच, ओल्या फरशीवर उभं राहून. काम कधीच लांबलं नव्हतं, हेही सांगितलं.

ती उंबऱ्यावर बसली.

"केवढा असतो?"

"आपल्या दारात एसटी उभी केली तर तेवढा."

"चावत नाही?"

"नाही."

"मग तिथं तुम्ही करता काय?"

"काही नाही. त्याच्या शेजारून पोहतो."

"काही नाही करायला एवढं लांब जाता."

मी म्हणालो, "अण्णांना विचारून जात होतो." हे वाक्य मी का उच्चारलं, अजून कळत नाही.

ती हसली. मी तिला इतकं वाईट हसताना कधी पाहिलं नव्हतं. "त्यांना मी 'घर सोडून जाऊ का' असं विचारलं होतं. मागच्या उन्हाळ्यात, रडत. तर व्हयच म्हणाले."

आतून पंपाचा आवाज येत होता.

"मला पण जायचंय," ती म्हणाली.

"मासा बघायला?"

"मासा गेला खड्ड्यात. काही नाही करायला."

"कुठं?"

"ते नका विचारू. तुम्ही मला सांगून जात होता का?"

ती गेली. मी रजा टाकून घरी राहिलो. अण्णांना भरवताना पेज त्यांच्या मानेवर सांडायची. कूस बदलताना पहिल्यांदा समजलं की न हलणारं माणूस किती जड असतं. चादर बदलून कंबर सरळ करायची तोवर पुन्हा चादर भिजायची. बुडी मारायला शिकलेला मी, त्या खोलीत मला धाप लागली. मासा आठवून पाहिला. आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षातून उतरली. नाक उन्हानं काळवंडलेलं, केसांत धूळ. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दाढी तरी करायची."

पुढच्या महिन्यात पुन्हा परदेशाचं काम निघालं. जेवताना मी म्हणालो, "काम बुधवारी संपेल. मी रविवारी येईन."

तिनं भाकरी मोडली. "मासा?"

"दिसला तर."

"बरं," ती म्हणाली. "मग त्याच्या पुढचा आठवडा माझा."