कुत्र्याचा अर्धा गुण

माझं लग्न सात गुणांनी अडलं होतं. छत्तीसपैकी निदान अठरा जुळायला हवेत, आमचे अकरा जुळले. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनी कागद बाबांच्या हातात देताना सुतकी चेहरा केला आणि बाबांनी तोच चेहरा घरापर्यंत जपून आणला.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. मुलगा घरी यायच्या आधीच मी त्याला नकार द्यायचं ठरवून ठेवलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते आणि उरलेल्या वेळात दुःखी होते. दुःखाला तसं कारण नव्हतं. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाने मला काही कॅसेट भरून दिल्या होत्या. इंग्लंडातल्या, गिरण्या बंद पडलेल्या शहरांतल्या पोरांचे बँड. या प्रकाराला पोस्ट-पंक म्हणतात हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू नाव त्यानेच ठेवलं. त्यातला एक गायक तर विहिरीत उतरून गातोय आणि वर यायची त्याची इच्छाच नाही, असं वाटायचं. मला तो फार आवडायचा. त्याच्यापायी मी काळे कपडे घालू लागले, आणि अमरावतीच्या मे महिन्यात काळे कपडे घालायला खरी निष्ठा लागते.

"कोनाचं सुतक धरलं तुनं?" आई रोज विचारायची.

बाबांचं फुलांचं दुकान होतं. अंजनगावकडून शेवंती यायची, जवळपासच्या मळ्यांतून झेंडू. लग्नाचे हार आणि मयताचे हार एकाच टोपलीतून व्हायचे, फक्त गुंफण वेगळी. त्या वर्षांत कापसाचे हंगाम एकामागून एक वाया जात होते. लग्नं पुढं ढकलली जायची, झालीच तर आटोपती व्हायची, आणि वेण्यांच्या ऑर्डरी कधी आल्या कधी नाही. दुसरे हार मात्र कमी झाले नव्हते. बाबा नुसते सुईत दोरा ओवत बसत. मी त्याच दुकानाच्या माळ्यावर बसून इंग्लंडातल्या पोरांचं दुःख ऐकायची. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

मुलगा अकोल्याचा. कापसावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होता. बोंडअळी किती पडली, कुठे पडली, हे बघत गावोगाव फिरायचा. पाहण्याच्या कार्यक्रमात मोठ्या माणसांनी आम्हाला दहा मिनिटं आतल्या खोलीत बसवलं, दार अर्थातच सताड उघडं ठेवून. त्याने विचारलं, "तुमी काय ऐकता जी?" नकाराचं काम त्यानेच सोपं केलं म्हणून मी खूश झाले आणि टेपरेकॉर्डरवर विहिरीतल्या गायकाचं सगळ्यात लांब गाणं लावलं.

त्याने ते संपेपर्यंत ऐकलं. मान हलवली नाही, घड्याळ पाहिलं नाही. शेवटी म्हणाला, "याची तब्येत बरी हाय ना?"

मला राग आला.

"नाही, मजाक नाही करून राहिलो," तो म्हणाला. "माह्याजवळ याचा भाऊ हाय. गावाकडचा."

झालं होतं असं, की त्यांच्या केंद्रात एक अमेरिकन शास्त्रज्ञ काही महिने कपाशी बघायला येऊन राहिला होता. जाताना बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून कॅसेटचा अख्खा खोका त्याला देऊन गेला. अमेरिकेतलं खेड्यापाड्याचं संगीत. त्याला ते लोक कंट्री म्हणतात. ट्रक, पाऊस न पडणं, सोडून गेलेली बायको, असले विषय. मला ते ऐकायच्या आधीच गावंढळ वाटलं आणि मी तसं तोंडावर म्हटलं. तो हसला. हसताना त्याचे कान हलायचे. नकार द्यायचं माझं काम तिथून पुढे अवघड होत गेलं, हे मी आता कबूल करते.

आणि मग गुण आले अकरा.

बाबांचं म्हणणं ठाम होतं. "माहे न् तुह्या आईचे एकतीस जुळले होते. एकतीस! आन् तीस वर्षांत चहात साखर किती, याच्यावर आमचं जुळलं नाही. अकरा गुणांत तुमचं काय होईल?" आईसुद्धा या एका बाबतीत त्यांच्याशी सहमत होती.

आठवड्याने अकोल्याहून माझ्या नावाचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. तो बोलतो तसंच लिहायचा. "सात कमी पडले म्हणतात. मंग सात आपण काढू. तुमचे सात उदास बँड निवडा. एकेक गाणं कॅसेटच्या एका बाजूवर भरून पाठवा. दुसऱ्या बाजूवर मी माह्या खोक्यातून त्याची जोडी लावून पाठवतो. जुळली तर एक गुण. परीक्षक तुमीच. सात झाले तर मी तुमच्या बाबाले भेटतो, नाही झाले तर गुरुजी खरे."

मला हा शुद्ध पोरकटपणा वाटला. त्याच दिवशी दुपारी मी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट विकत आणली.

कॅसेटी एसटीने जायच्या. अमरावती–अकोला गाडीचे एक ड्रायव्हरकाका बाबांच्या दुकानातून देवाच्या फोटोसाठी रोज हार घ्यायचे, त्यांच्या हाती मी पाकीट द्यायची. मूर्तिजापूरला चहा घेऊन ते पुढे अकोल्याच्या स्टँडवर पोचवायचे. दोन-चार दिवसांनी तेच पाकीट परत.

विहिरीतल्या गायकाची जोडी आली, आणि मी माळ्यावर ताठ बसले. हाही तितकाच खोल आवाज. पण हा विहिरीत नव्हता, ओट्यावर बसून सांगत होता. मी नाइलाजाने एक गुण दिला. दुसरा माझा बँड म्हणजे नुसतं ठोकणं, ड्रम जणू कोणावर सूड उगवतोय. त्याने त्याला मालगाडीच्या चालीवरचं गाणं लावलं. हाही गुण द्यावा लागला. तिसऱ्यात माझ्याकडे किंचाळणारी बाई होती. त्याच्याकडची बाई अत्यंत गोड आवाजात नवऱ्याला पुरत होती. हा गुण मी आनंदाने दिला.

चौथ्याला अडलं. माझ्या त्या बँडाच्या गाण्यात सात मिनिटं एकच ओळ होती: माझं कोणीच नाही. त्याची जोडी म्हणून त्याने कुत्रं मेल्याचं गाणं पाठवलं. मी चिठ्ठीवर लिहिलं, "कुत्रं चालणार नाही. शून्य."

उलट टपाली उत्तर आलं. "तुमच्या माणसाले वाटते का त्याचं कोणी नाही. माह्या माणसाचं एक कुत्रं होतं, थेही गेलं. आता सांगा, एकटा कोण? तुमच्यावाल्याच्या दुःखाले कारण नाही, माह्यावाल्याच्या दुःखाले नाव हाय. नावही ठेवलं होतं त्यानं कुत्र्याले, गाण्यात सांगते पाहा."

मी दोन दिवस धुसफुसले आणि अर्धा गुण दिला. त्याहून एक कणही नाही, असं खाली लिहिलं.

पाचव्या कॅसेटने घोळ घातला. पाहायला आले तेव्हा बाबांनी कौतुकाने सांगितलं होतं की पोरीला गाण्याची आवड आहे. त्याच्या आईने त्याचा अर्थ पोरगी गाते असा घेतला. त्या दिवशी तो गावांना गेलेला. ड्रायव्हरकाकांनी पाकीट सरळ त्याच्या घरी नेऊन दिलं, कॅसेटवर माझं अक्षर, आणि घरात भजनी मंडळाच्या बाया जमलेल्या. होणाऱ्या सुनेचा गळा ऐकवावा म्हणून माउलीने टेप लावला. आतून एक पुरुष कण्हायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या बसने अमरावतीला आल्या आणि घरी न जाता थेट दुकानात. मी तेव्हा पाकळ्या निवडत होते. त्यांनी पिशवीतून कॅसेट काढून फुलांच्या टोपलीवर ठेवली.

"हा मानूस कोन व्हय?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कॅसेटकडे. दुकानातल्या टेपवर लावली. कण्हणं सुरू झालं. हार घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हात जोडून उभं राहिलं, त्याला वाटलं दुकानातच कोणी गेलं.

मला सगळं सांगावं लागलं. सात गुण, कॅसेटी, विहिरीतला, मालगाडी, कुत्रं. सांगताना ते इतकं वेड्यासारखं वाटत होतं की मी मधेच थांबले. त्या मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या.

"मंग हा रडते काहून?"

चार वर्षं मी तो बँड ऐकत होते आणि तो का रडतो हे मी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "त्याला सगळंच नकोसं झालंय."

"जेवला नसंन," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "थे कुत्र्याचं लावा बरं."

मी माळ्यावरून कॅसेट आणली. इंग्रजीचा एक शब्द दोघांनाही कळत नव्हता. गाणं संपेपर्यंत बाबांची सुई थांबलेली होती. त्याच्या आईने पदराने नाक पुसलं. "याचं खरंच काही गेलं," म्हणाल्या. "किती गुन देल्ला?"

"अर्धा."

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. माझ्याविषयीचं त्यांचं मत त्या एका शब्दात होतं.

बाबांना मात्र हिशेब पटला. गुरुजींचा कागद काढून त्यांनी अकराच्या पुढे पेन्सिलीने बेरीज सुरू केली. आता तो खेळ आम्हा दोघांचा राहिला नाही. पाचवी आणि सहावी जोडी जुळली तेव्हा बाबांनी मला विचारून आकडा वाढवला. साडेसोळा. उरली सातवी.

सातव्यासाठी मी सगळ्यात काळा बँड राखून ठेवला होता. त्याच्या गायकाने तरुणपणीच स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. हे मी चिठ्ठीत मोठ्या भक्तिभावाने लिहिलं. म्हणूनच त्याचं गाणं एवढं खरं वाटतं, असंही लिहिलं. त्याची जोडी तुमच्या खोक्यात सापडणार नाही, असं आव्हान दिलं.

या खेपेला पाकीट यायला बारा दिवस लागले. चिठ्ठी लहान होती.

"याची जोडी माह्याजवळ टेपवर नाही. मागच्या हप्त्यात मी एका घरी कपाशीचे नमुने घ्याले गेलो होतो. तिथं तेच झालं होतं, मले माहीत नव्हतं. कोणी काही बोललं नाही. चहा देल्ला. मी पाऊण तास बसलो आन् उठलो. त्या घरात काही गाण्यासारखं नव्हतं. म्हणून ही बाजू कोरी ठेवली. गुण द्याचा का नाही, तुमी पाहा."

मी माळ्यावर जाऊन ती बाजू लावली. पाऊण तास. नुसती टेपची खरखर. खाली बाबांचं दुकान चालू होतं आणि कोणीतरी हार मागत होतं, कुठला ते आवाजावरून कळत होतं. असले आवाज मी वर्षानुवर्षं खालून ऐकत होते आणि वर गाण्याचा आवाज वाढवत होते. मला स्वतःची लाज वाटली. रडूही आलं, आणि या खेपेला मला कोणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं असतं. बाजू संपून बटण खटकन वर येईपर्यंत मी उठले नाही.

खाली आले तेव्हा गिऱ्हाईक गेलं होतं. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "जुळलं?"

"जुळलं. पूर्ण."

त्यांनी पेन्सिल घेतली, बेरीज केली आणि पुन्हा केली. "साडेसतरा," ते म्हणाले. चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली. त्यांनाही तो पोरगा हवा होता, फक्त कागदाने परवानगी द्यायला हवी होती. "अर्ध्यानं राह्यलं पोरी."

"बाबा, कुत्र्याला पूर्ण द्या."

"आता काहून? तवा तर एक कण देत नव्हती."

"तेव्हा मला कळत नव्हतं," मी म्हटलं. "त्याचं खरंच कोणी गेलं होतं."

बाबांनी साडेसतरा खोडून अठरा लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि कागद गल्ल्यात ठेवला. मग टोपलीतला झेंडू पुढे ओढून लग्नाच्या हाराची लांब सुई शोधायला लागले. ती बऱ्याच दिवसांत लागली नव्हती, डब्याच्या तळाशी सापडली.

"उंच हाय ना पोट्टा?" ते म्हणाले. "हार किती लांब लागंन त्याले?"