दोन नंबरचा पंप

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तिला पाठीमागे सगळे लांडगाबाई म्हणत. सहा महिन्यांपूर्वी तिने बसवलेल्या थरथर मोजणाऱ्या सेन्सरने दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग जातंय अशी बोंब ठोकली, तिने पंप थांबवला, अर्ध्या गावाचे नळ कोरडे पडले आणि बेअरिंग निघालं कोरं करकरीत. लांडगा आला रे आला! थरथरत होतं ते वरचं सैल झाकण, आणि सेन्सर बाईसाहेबांनी नेमका त्यावरच चिकटवलेला. "चूक माझी," ती भर बैठकीत म्हणाली. मग आठवडाभर रंग खरवडून एकूण एक सेन्सर तिने स्वतः थेट बेअरिंगच्या लोखंडी कवचावर बसवले.

आता त्याच पंपाच्या थरथरीचा आलेख पुन्हा चढत होता. चालू पंपात बेअरिंग फुटलं तर पंप फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्टही वाकणार, आणि नवा शाफ्ट यायला महिना. तोवर अर्ध्या गावाने प्यायचं काय?

साहेबांनी हातच जोडले. "बाई, पुन्हा तेच? या वेळी खोटं निघालं, तर तुमची ही यंत्रणा काढून टाकावी लागेल मला."

"काढा. पण सोमवारी पंप थांबवा."

फिटरमामांना तिने सुटे भाग आधीच मांडून ठेवायला लावले, चार दिवसांचं काम दोन दिवसांत बसवलं, कुठल्या गल्लीत टँकर कधी, तेही ठरवलं.

सोमवारी मामांनी बेअरिंग उघडलं. आतल्या कड्याला आरपार चीर होती. "पोरी, याने शनिवार पाहिला नसता," मामा म्हणाले. साहेब वाकून बघतच राहिले. तिला रडू फुटलं. ते बाहीने पुसून तिने नवं बेअरिंग मामांच्या हातात दिलं.

मंगळवारी संध्याकाळी घरी आली, तर सासूबाई रिकामी बादली घेऊन दारातच.

"दोन दिवस नळाला थेंब नाही! करता काय गं तुम्ही लोक तिथे?"

"आई, महिनाभर पाणी जाणार होतं."

"जाणार होतं! गेलं का?"

"नाही गेलं."

"मग?"

पंप सुरू झाला होता, पण टाकी भरून नळाला पाणी यायला रात्र होणार होती. तिने सासूबाईंच्या हातातली बादली घेतली, टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि तिथेच, आलेख चढू लागलेला तीन नंबरचा पंप कधी थांबवायचा ते ठरवून टाकलं.