दोन माणसांचं काम

सोपानच्या पत्राला निवृत्तीनं उत्तर दिलं नाही ते नाहीच. दिवाळीच्या आधी आलेलं निळं आंतरदेशीय. आत चार-पाचच ओळी, त्याही उजवीकडे उतरत गेलेल्या. 'आण्णा, फोनवर तू नुसता हं हं करतोस म्हणून लिहितोय. पिकअपचा हँडब्रेक ढिला झालाय. पार वर ओढला तरी गाडी सरकते. आवळायचं काम दोन माणसांचं आहे. एक खाली, एक आत. तू ये.'

धाकट्या भावाचा हा आण्णा म्हणजे निवृत्ती. त्याचा सगळा जन्म वाचनालयाच्या टेबलामागं गेला. त्यानं उत्तर लिहायला घेतलं होतं, नाही असं नाही. 'मला गाडीतलं काय कळतं' असं लिहिलं, तर ते शिष्टपणाचं वाटलं. गुडघ्याचं दुखणं लिहिलं, तर ती सबब वाटली. मग मनात आलं, सोपान आपली चेष्टा तर करत नसेल? गावात गॅरेज असताना पुस्तकातल्या माणसाला कोण बोलावील? कागद फाडले गेले. माघात सोपान गेला. त्याचा मंडपाचा धंदा. एका लग्नघरी गाडीतून खुर्च्या उतरवता उतरवता छातीत कळ आली आणि संपलं. हँडब्रेक तसाच राहिला.

आता वैशाखातली दुपार आहे. निवृत्ती कोल्हापुरातल्या आपल्या खोलीत आरामखुर्चीत पडला आहे. पुस्तक छातीवर पालथं. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो आहे. पापण्या मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. खुर्चीचा डावा हात त्याच्या तळव्याखाली गार लागतो. वैशाखात लाकूड इतकं गार कसं, असा विचार येतो आणि बोटं आपोआप आवळतात. लाकूड नाहीच ते. लोखंड आहे.

समोरच्या खिडकीची काच मोठी झाली आहे. काचेखाली जोतिबाचा फोटो, कडेला गुलाल. बाहेर सोपानच्या घरापुढचं अंगण. पिकअपच्या पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले आहेत, आणि निवृत्ती ड्रायव्हरच्या जागेवर पाहुण्यासारखा अवघडून बसला आहे.

"आलास व्हय?" आवाज गाडीखालून येतो.

निवृत्ती दारातून वाकून बघतो. खालून दोन पाय बाहेर आले आहेत. टाचांना भेगा. माघात त्यानं हेच पाय बघितले होते, अंगठे सुतळीनं बांधलेले. एसटी उशिरा पोचली होती. तोवर तोंडावर कापड घातलं होतं, आणि 'जरा बाजूला करा' म्हणायला त्याची जीभ उचलली नव्हती. आता अंगठे मोकळे आहेत. उजवा पाय कसल्याशा तालात हलतो आहे.

"सोपान, बाहेर ये ना. तोंड तरी बघू दे तुझं."

"काम टाकून? आधी ओढ तू."

निवृत्ती ओढतो. दांडा एकेका दातावर कर्रकर्र करत वर येतो, येतच राहतो, त्याच्या पोटाला लागायला येतो, तरी हाताला काही अडल्यासारखं वाटत नाही.

"किती दात वाजले?" सोपान विचारतो.

"अकरा. का बारा... मला वाटतं अकरा."

"वाचनालयात पुस्तकं अशीच मोजायचास?"

"तिथं दोनदा मोजायचो."

"मग हितं बी दोनदा ओढ. सहा-सातात पकडला पायजे. आता सोड. टोकाला बटण हाय, ते अंगठ्यानं दाब आणि खाली ने. जोरात दाब की! शाईचा शिक्का न्हाई तो."

बटण घट्ट आहे. निवृत्ती अंगठ्याचा सगळा जोर लावतो. दांडा खाली बसतो तेव्हा त्याला उगाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटतं, आणि लगेच त्याची लाजही वाटते. खाली पान्याचा आवाज होतो. नट एक आटा फिरतो.

"शूऽऽ," कुणीतरी दटावतं.

निवृत्ती बघतो. पुस्तकांची कपाटं दोन्ही बाजूंना उभी आहेत. वाचनालयाचे नेहमीचे म्हातारे वाचक सोपानच्या मंडपातल्या लाल खुर्च्यांवर बसून वर्तमानपत्रं वाचताहेत. पुस्तकं द्यायच्या टेबलाखालून ते दोन पाय बाहेर आले आहेत. निवृत्तीच्या हातात अजून दांडा आहे, आणि इतक्या शांततेत तो ओढायचा कसा, हे त्याला कळत नाही.

"सोपान," तो कुजबुजतो, "गॅरेजवाल्यानं दहा मिनिटांत केलं असतं हे."

"केलं असतं की."

"नाहीतर शालन बसली असती आत."

"बायको बसली असती, पोरगी बसली असती. माझी वैजू तर तुझ्यापेक्षा बरी ओढती."

"मग मला का लिहिलंस?"

पान्याचा आवाज थांबतो. हलणारा पायही थांबतो.

"सणाला बोलवावं तर तू म्हणतोस गर्दी असते. लग्नाला बोलवावं तर पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसतोस. मांडव माझा, आणि माझाच भाऊ मांडवाच्या खांबाआड. म्हटलं, कामाला बोलवून बघू. कामाला माणूस न्हाई म्हणत न्हाई."

निवृत्तीला काही बोलायचं आहे. ते वाक्य तो मनात जुळवतो, मोडतो, पुन्हा जुळवतो. शेवटी तोंडातून भलतंच बाहेर पडतं.

"ओढ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, सोपान."

"ठावं हाय मला. त्यातला एक तरी कर."

म्हातारे वाचक हसतात. वर्तमानपत्रं हलतात. निवृत्तीचे कान तापतात. त्याला रागही येत नाही. खरंच तर बोलला. तो दांडा ओढतो. नऊ. या वेळी त्याची खात्री आहे. तो मोठ्यानं "नऊ!" म्हणतो आणि कुणीही शू करत नाही, कारण वाचनालय आता नाही. वळणाचा रस्ता आहे, खाली दरी, करवंदीच्या जाळ्या, गगनबावड्याकडून येणारा वारा. गाडीचं तोंड चढाकडे आहे. मागं खुर्च्यांची थप्पी दोरीनं बांधलेली. चाकांना दगड नाहीत.

"सोपान, दगड कुठं गेले?"

"मागं बघ."

आरशात वैजू दिसते. ओढणी कमरेला खोचलेली, दोन्ही हातांत एक मोठा दगड. ती गाडीच्या मागच्या बाजूनं पळत येते आहे.

"आता तीच चालवती गाडी," सोपान सांगतो. त्याचा आवाज आता चेष्टेचा नाही. "एकटीच असती. चढावर थांबायचं झालं की गिअरमध्ये टाकती, उडी मारती आणि दगड लावायला मागं पळती. एक दिवस ती मागं असतानाच गाडी निसटंल, आण्णा."

"मग तू आवळ ना लवकर!"

"आवळतोयच की. कधीपासून आवळतोय. पण मी हितनं आवळलेलं तिकडं ऱ्हात न्हाई."

गाडी हलते. आधी अगदी थोडी, झोपेत माणूस कूस बदलतो तेवढी. मग तिला वाट सापडते. निवृत्ती दांडा ओढतो. दात वाजतात, तो मोजत नाही. दोन्ही हातांनी धरतो, पाय समोर रोवतो, गुडघ्यातून कळ जाते. आरशातली वैजू वाकली आहे, तिला काही ठाऊक नाही. गाडीखाली सोपान आहे, गाडीमागं त्याची पोरगी आहे, आणि या दोघांसाठी वर फक्त निवृत्ती आहे, ज्याला आयुष्यात एका पत्राचं उत्तर धड जमलं नाही.

"सोडू नकोस," सोपान म्हणतो.

"नाही सोडत. सोपान, मी यायला हवं होतं."

"व्हय. यायला हवं होतंस."

एवढंच. राहू दे, झालं गेलं, असलं काही तो म्हणत नाही.

"किती वेळ धरू?"

उत्तर येत नाही. निवृत्ती ओरडून विचारतो. दारातून वाकायचं तर हात सुटेल, म्हणून पाय अजून तिथं आहेत की नाहीत, हेही त्याला बघता येत नाही. तो धरून बसतो.

बसतो, आणि पंख्याचा आवाज येतो. पुस्तक जमिनीवर पडलं आहे. खिडकीबाहेर कुणीतरी वाळवणावरचे कावळे हाकलतं आहे. निवृत्तीचा डावा हात खुर्चीच्या हाताभोवती असा आवळला आहे की एकेक बोट उजव्या हातानं सोडवावं लागतं. खांदा भरून आला आहे. आणि अंगठ्याच्या पेरावर एक गोल खळगा पडला आहे, शर्टाच्या बटणापेक्षा मोठा, कडा लाल. तो खुर्चीचा हात चाचपतो. गुळगुळीत लाकूड. खिळा नाही, स्क्रू नाही. चष्म्याचं घर लावून बघतो, पेनाचं टोपण लावून बघतो. कशाचंच माप जुळत नाही. चहा उकळून पिऊन होतो, तरी खळगा भरून येत नाही.

फोन करावा, असं त्याच्या मनात येतं. पण फोनवर आपण हं हं करू, पलीकडून शालन 'बरं आहे ना, भावजी?' विचारील, आणि आपण 'हो' म्हणून ठेवून देऊ. तो खणातून एक पोस्टकार्ड काढतो. लिहितो:

'सोपान, पत्र पोचलं. मी फार उशीर केला. या रविवारी येतो. वैजूनं खाली जावं, मी आत बसतो. तोवर तिनं गाडी चढावर उभी करू नये. आण्णा.'

मग पत्ता. हात सवयीनं 'सोपान हळदकर' लिहून मोकळा होतो, आणि पेन थबकतं. खोडावं, तर ते नाव आपल्या हातानं कसं खोडायचं? तो बराच वेळ त्या नावाकडे बघत बसतो. शेवटी त्याला दिसतं की नावाच्या आधी थोडी जागा आहे. तिथं तो बारीक अक्षरात लिहितो, 'कु. वैजयंता'. आता पत्त्यात खोडायचं काही उरत नाही.

कोपऱ्यावरची टपालपेटी उन्हानं तापली आहे. तो कार्ड फटीत धरतो आणि सोडतो. सोडल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण ते पुन्हा एकदा वाचून बघितलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ काही चुकलं असेल. 'फार उशीर केला' हे फारच कमी झालं असेल. किंवा जास्त. तो फटीत बोटं घालून बघतो. बोटं पोचत नाहीत.