गंगव्वाच्या घरावरची हिरवी टिकली

नकाशा भिंतीवर लावला तेव्हा सभेत टाळ्या पडल्या. मी खूश.

हुबळीत हिंदू-मुसलमान दंगल होऊन महिना झाला होता. मी मानवशास्त्राचा माणूस. आमचं काम घरोघर जाऊन विचारायचं: सोयरीक कुठे, सण कुणाचे, नवस कुणाला. मुंबईच्या साहेबांनी मला एका गल्लीचा सर्व्हे दिला होता. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना एकच. तिथेच माझं गाडं अडलं.

गंगव्वा मराठ्याची. तिचा नवरा यल्लप्पा जिनिंग मिलमध्ये कामाला. विषमज्वरातून तो वाचला, म्हणून तिने मोहरमच्या पंजाला नवस केला होता: बारा वर्षं यल्लप्पा दहा दिवस फकीर होईल. म्हणजे गळ्यात लाल-हिरवा दोरा आणि पंजापुढे चालणं. हे अकरावं वर्ष.

"हे बरीब्याड्री मास्तर," ती म्हणाली. लिहू नका. "दिवस बरे नाहीत."

"नाव नाही लिहीत, अक्का."

नाव नाही लिहिलं. पण असं दोन्हीकडचं पाळणाऱ्या घरांवर गल्लीच्या नकाशात हिरव्या टिकल्या दिल्या. दोन्हीकडचे लोक किती मिसळलेले आहेत हे दाखवावं, म्हणून तो शांतता कमिटीच्या सभेत टांगला. गल्लीतल्या माणसाला नाव कशाला हवं? विहिरीशेजारचं घर कुणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. शिकलेल्या माणसाची अक्कल अशी गहाण पडते.

आठवड्यात तिच्या दारात दोन्हीकडचे पुढारी येऊन गेले. एकांनी विचारलं, "तुम्ही हिंदू ना?" दुसरे म्हणाले, "यंदा आमचे आम्ही चालू." कुणी हात उगारला नाही. मोहरमला यल्लप्पा घरातच बसला.

मी माफी मागायला गेलो. गंगव्वाने आधी चहा दिला.

"दोरा बांधला हो," ती म्हणाली. "मोहरमचे गोड चोंगे केले. दार लावून खाल्ले. पण नवस चालायचा होता, मास्तर. अकरावं वर्ष धरायचं की नाही, ते तुमच्या पुस्तकात बघून सांगा."

यल्लप्पा खाली बघत अजून न सोडलेल्या दोऱ्याची गाठ चाचपत होता.

साहेबांना रिपोर्ट पसंत पडला. नकाशा तेवढा मी त्यातून काढून घेतला होता. 'नकाशा का नाही?' त्यांनी पत्राने विचारलं. हरवला, असं कळवलं. विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर मांडू नये, हे शिकायला मानवशास्त्र लागत नाही. मला लागलं.